परमा, गरमी आणि क्लॅमिडिया : शरीराच्या आठवणीवर किती विसंबावे आणि उपचारानंतर काय करावे

गोवर किंवा कांजिण्या एकदा अंगावर निघून गेल्या की सहसा पुन्हा येत नाहीत, हे आपल्याकडच्या घराघरांत ठाऊक असते आणि ते बहुतांशी खरेही आहे. अडचण अशी की हाच हिशेब लोक परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस) आणि क्लॅमिडिया या गुप्तरोगांनाही लावतात. बेळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी बरीच वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले. तेथे एकदा निपाणीकडचा एक चाळिशीतला माणूस रिपोर्ट घ्यायला आला आणि खिडकीशी वाकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मॅडम, दोन वर्षांमागं होऊन गेलंय न्हवं, इंजेक्शन बी घेतलंय. आता परत कसं हुईल?"

त्याच्या रक्ताची आरपीआर तपासणी मी नुकतीच केली होती. ही तपासणी पांढऱ्या कार्डावर होते. कार्डावरच्या गोलात रक्तद्रवाचा थेंब ठेवायचा, कोळशाचे अतिसूक्ष्म कण असलेले द्रावण त्यात मिसळायचे आणि कार्ड आठ मिनिटे यंत्रावर फिरवायचे. गरमीत तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढताना शरीराने बनवलेली प्रथिने, रक्तात नसतील, तर मिश्रण एकसारखे राखाडी राहते. असतील, तर कणांचे काळे पुंजके होतात आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतात. मग रक्तद्रव दरवेळी दुपटीने पातळ करत पुढच्या गोलात टाकायचा आणि पुंजके कुठपर्यंत टिकतात ते लिहायचे. दोन वर्षांपूर्वी उपचार पूर्ण झाल्यावर त्याचा आकडा 1:2 पर्यंत उतरला होता, हे त्याने घडी करून जपलेल्या कागदावर होते. त्या दिवशी पुंजके सहाव्या गोलापर्यंत, म्हणजे 1:32 पर्यंत दिसत होते. त्याला गरमी नव्याने झाली होती.

मी एवढेच म्हणू शकले, "दादा, हा रोग परत होतो. डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जाऊ नका." मागे रांग उभी होती. जे त्या खिडकीत सांगता आले नाही ते येथे सविस्तर सांगते, कारण उपचार घेऊन पुन्हा तोच रोग घेऊन येणाऱ्या अनेकांची चूक निष्काळजीपणाची नसते, समजुतीची असते.

आठवण म्हणजे नेमके काय

एखादा जंतू शरीरात पहिल्यांदा शिरतो, तेव्हा त्याला नेमके ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी फार थोड्या असतात. त्यांची संख्या वाढून त्या कामाला लागेपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढ्या काळात आपण आजारी पडतो. जंतू हटल्यावर यांतील बहुसंख्य पेशी मरतात, पण काही थोड्या मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. त्यांतील बी पेशी प्रतिपिंडे तयार करण्याचे काम झपाट्याने सुरू करू शकतात आणि टी पेशी बाधित पेशींना शोधून काढतात. तोच जंतू पुन्हा आला की प्रतिसाद काही दिवसांतच उभा राहतो. गोवराचा विषाणू आपले बाह्यरूप फारसे बदलत नाही आणि तो रक्तावाटे शरीरभर पसरतो. त्यामुळे रक्तातील प्रतिपिंडे त्याला वाटेतच गाठतात.

लैंगिक संबंधातून होणाऱ्या जिवाणूजन्य रोगांत ही व्यवस्था बरीच लंगडी पडते. परमा आणि क्लॅमिडिया यांचे जिवाणू रक्तात फारसे उतरतच नाहीत. ते जननमार्गाच्या ओलसर अंतस्त्वचेवर ठाण मांडतात. येथे रक्तातील आठवण फार कामाची नाही, जागेवरची आठवण लागते. 2021 मध्ये करोनाच्या काळात महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक गाडीची तपासणी कोगनोळीच्या नाक्यावर होत असे, हे आपल्या भागातल्या सगळ्यांना आठवत असेल. कर्मचारी नाक्यावर उभे होते म्हणून ती तपासणी शक्य झाली. ते बेळगावच्या कार्यालयात बसून असते, तर गाडी केव्हाच पुढे गेली असती. अंतस्त्वचेतच मुक्काम करणाऱ्या काही स्मृतिपेशी असतात आणि त्या अशा नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांसारख्या असतात. आतड्यात किंवा नाका-घशात अशा पेशींची भरती करणारी ऊतके जागोजागी असतात, जननमार्गात तशी रचना जवळजवळ नाही. त्यामुळे येथला नाका बहुधा अपुऱ्या माणसांवर चालतो.

तीन जिवाणू, तीन प्रकारची चलाखी

परम्याचा जिवाणू म्हणजे गोनोकोकस. पेशीला चिकटण्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि त्या तंतूंची घडण तो आपल्याच जनुकांची अदलाबदल करून सतत पालटत राहतो. पृष्ठभागावरच्या आणखी काही प्रथिनांची जनुके तो दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद करतो. शरीराने आज जे रूप लक्षात ठेवले ते महिन्याभराने त्याच्या अंगावर नसते. एवढ्यावर तो थांबत नाही. टिकाऊ आठवण तयार करणारा प्रतिसादच तो दडपतो आणि पू निर्माण करणारा, वरवरचा दाह भडकवतो. म्हणून परमा एकाच माणसाला कितीही वेळा होऊ शकतो, एकाच जोडीदाराकडून त्याच जातीचा जिवाणूसुद्धा पुन्हा येऊ शकतो. येथे शरीराच्या आठवणीवर अजिबात भिस्त ठेवू नये.

क्लॅमिडियाचे तसे नाही, आणि म्हणूनच तो समजून घ्यायला अधिक वेळ द्यावा लागतो. हा जिवाणू आपल्या पेशीच्या आत शिरून वाढतो, त्यामुळे बाहेर फिरणारी प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याला आवरण्याचे मुख्य काम टी पेशी करतात. त्या इंटरफेरॉन गामा नावाचे रसायन सोडतात आणि त्या संकेतावर बाधित पेशी आपल्यातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट करते. जिवाणूची उपासमार होते. मात्र जननमार्गात वाढणाऱ्या क्लॅमिडियाच्या प्रकारांनी यावरही तोड काढली आहे. योनीत इतर काही जिवाणू इंडोल नावाचे द्रव्य तयार करत असतील, तर त्यापासून हे प्रकार ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवून घेतात. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचे प्राबल्य असते, ते आम्लता टिकवतात आणि इंडोल बनवणाऱ्यांना वाढू देत नाहीत. तेव्हा अंगावरून पांढरे जाते म्हणून साबणाने, डेटॉलने किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुण्याची जी सवय अनेक बायकांना लावली गेली आहे, ती शरीराच्या बाजूने लढणाऱ्यांनाच धुऊन काढते. बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता पुरेशी आहे. वास येत असेल किंवा खाज असेल, तर त्याचा वेगळा उपचार असतो आणि तो घ्यावा.

क्लॅमिडियाविरुद्ध थोडीफार आठवण तयार होते, हे खरे आहे. पुन्हा संसर्ग झाल्यास जिवाणूंची संख्या पहिल्या वेळेपेक्षा कमी असल्याचे दिसते आणि उपचाराआधीच ज्यांच्या शरीराने जिवाणू स्वतःहून हटवला होता त्यांना तो पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आढळले आहे. यावरून काही संशोधकांनी असा तर्क मांडला की लवकर उपचार केल्यास आठवण पक्की होण्याआधीच तुटते. हे वाचून कोणी उपचार लांबवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आठवण मुरण्याची वाट पाहत असताना हाच जिवाणू स्त्रीच्या गर्भनलिकांना सूज आणतो, ती सूज भरून येताना व्रण राहतात, नळ्या अरुंद होतात किंवा बंद पडतात. पुढे मूल न राहणे किंवा गर्भ नळीतच राहणे हे त्याचे परिणाम आहेत आणि प्रत्येक नव्या संसर्गागणिक हा धोका वाढतो. शिवाय सुमारे 70 टक्के स्त्रियांना क्लॅमिडियाची कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत, त्यामुळे "त्रास होत नाही म्हणजे शरीराने आवरले आहे" असा निष्कर्ष काढता येत नाही.

गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, जिवाणू मळसूत्रासारखा पिळदार असतो. त्याच्या बाह्य आवरणावर ओळख पटेल अशी प्रथिने अत्यंत कमी असतात आणि त्यांतील एका महत्त्वाच्या प्रथिनाचे सात भाग तो सतत बदलत राहतो. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात कैद्यांना मुद्दाम हा जिवाणू टोचून पाहिला गेला. आज असा प्रयोग कोणीही करू देणार नाही आणि देऊही नये. त्यातून दिसले ते असे की ज्यांच्या शरीरात गरमी उपचाराविना दीर्घकाळ मुरलेली होती त्यांना नव्याने रोग झाला नाही, पण ज्यांच्यावर सुरुवातीच्या टप्प्यातच उपचार झाले होते त्यांतील बहुतेकांना तो पुन्हा झाला. दीर्घकाळ मुरलेली गरमी हृदयाच्या महाधमनीवर आणि मेंदूवर घाला घालते, म्हणून त्या संरक्षणाची किंमत कोणीही मोजू नये. उपचार लवकरच घ्यायचे आणि त्यानंतर आपण पुन्हा रोगाला खुले आहोत हे मनाशी पक्के धरायचे.

रक्तातील खूण आणि संरक्षण यांत गल्लत नको

गरमीसाठी दोन जातींच्या रक्ततपासण्या असतात. टीपीएचए ही तपासणी नेमक्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते आणि एकदा गरमी होऊन गेली की उपचारानंतरही ती बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. काही जण हे पाहून घाबरतात आणि पुन्हा पुन्हा इंजेक्शने घेतात. काही जण उलट समजतात की रक्तात प्रतिपिंडे आहेत म्हणजे कवच आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. ही प्रतिपिंडे पूर्वी रोग होऊन गेल्याची खूण आहेत, त्यांनी नवा संसर्ग थांबत नाही.

व्हीडीआरएल किंवा आरपीआर या दुसऱ्या जातीच्या तपासणीचा आकडा मात्र रोगाबरोबर चढतो आणि उपचाराबरोबर उतरतो. उपचाराच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवावा आणि 3, 6 व 12 महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. आकडा दोन पायऱ्यांनी, म्हणजे चौपटीने, उतरला की उपचार लागू पडला असे मानतात; उदाहरणार्थ 1:32 वरून 1:8. उतरलेला आकडा पुन्हा चौपटीने चढला, जसे 1:2 वरून 1:8, तर नव्या संसर्गाचा विचार डॉक्टरांनी करावा लागतो. एका पायरीचा फरक हातच्या कामात पडू शकतो, त्यावर कोणी झोप उडवून घेऊ नये. काहींचा आकडा 1:1 किंवा 1:2 वर येऊन वर्षानुवर्षे तेथेच थांबतो. अशा वेळी निर्णय डॉक्टरांचा, औषध दुकानदाराचा नव्हे.

आपल्या सीमाभागात येथे एक खास अडचण होते आणि ती मी शेकडो कागदांवर पाहिली आहे. गावात ओळख निघू नये म्हणून माणूस पहिली तपासणी कोल्हापूरला किंवा मिरजेला करतो, इंजेक्शन बेळगावला घेतो, पुढची तपासणी कामानिमित्त गेलेला असताना गोव्यात करतो. एके ठिकाणी व्हीडीआरएल, दुसरीकडे आरपीआर, तिसरीकडे नुसते "रिॲक्टिव्ह" असा शेरा. या दोन तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. लपवण्याची गरज मला पूर्णपणे समजते, पण मग हवे ते एक गाव निवडावे आणि वर्षभर त्याच प्रयोगशाळेत, तीच तपासणी, आकड्यासह मागून घ्यावी. कर्नाटकातला कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला तरी आकडा आकडाच असतो, तो कोल्हापुरातल्या डॉक्टरांनाही वाचता येतो.

उपचारानंतरचे दिवस

शरीर आठवण ठेवत नाही, तर ती आपल्याला वागण्यातून ठेवावी लागते, आणि त्यात पहिले काम जोडीदाराच्या उपचाराचे आहे. उपचार घेतलेल्यांना रोग पुन्हा होण्याचे नेहमीचे कारण औषध निकामी ठरणे हे नसून घरचाच उपचार न झालेला जोडीदार हे असते. नवरा बरा होतो, बायको लक्षणांविना तशीच राहते, आठवड्याने जिवाणू परत येतो आणि दोघांत त्याच्या येरझारा सुरू राहतात. परमा आणि क्लॅमिडिया यांत मागील 60 दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांची तपासणी व उपचार व्हायला हवेत. गरमीत ही मुदत रोगाच्या टप्प्यानुसार किमान 3 महिने असते. दोघांनी एकाच दिवशी औषध घेणे उत्तम. एकाच वेळी घ्यायचा डोस असेल, तर त्यानंतर 7 दिवस, आणि सात दिवसांचा कोर्स असेल, तर तो संपेपर्यंत संबंध ठेवू नयेत. जोडीदाराचे 7 दिवस नंतर संपत असतील, तर त्याचे दिवस मोजावेत. गरमीत अंगावर फोड किंवा व्रण असेल, तर तो पूर्ण भरून येईपर्यंत थांबावे.

हे घरी सांगायचे कसे, हा प्रश्न औषधापेक्षा कठीण आहे. तालुका रुग्णालयातील आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी, केंद्रात समुपदेशक असतात. आपल्याकडच्या पाटीवर बहुधा "आप्त समालोचक" असे कन्नड नाव लिहिलेले दिसते. जोडीदाराला दवाखान्यात कसे आणावे, कोणत्या शब्दांत सांगावे, हे त्यांचे रोजचे काम आहे. बेळगावच्या बिम्स जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी असणारी सुरक्षा क्लिनिके याच रोगांसाठी आहेत आणि तेथे तपासणी व औषधे मोफत मिळतात. प्रत्यक्ष जाण्याआधी बोलायचे असेल, तर 1097 हा हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे.

गरमीवर पेनिसिलीनचे इंजेक्शन घेतल्यावर 24 तासांत ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. एकाच वेळी अनेक जिवाणू मरून फुटल्याने शरीर तापते आणि हा त्रास बहुधा दिवसभरात उतरतो. याला ॲलर्जी समजून पुढचे डोस सोडू नयेत, मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर तत्काळ दवाखाना गाठावा. गर्भवती स्त्रीने असा ताप आल्यास लगेच कळवावे.

परमा आणि क्लॅमिडिया यांत 3 महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, लक्षणे नसली तरीही. दिवाळीत औषध घेतले असेल, तर संक्रांतीनंतर महिनाभरात ती वेळ येते. ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर बाहेर असलेल्यांनी परतल्या आठवड्यातच हे काम उरकावे. नॅट ही जिवाणूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी तालुक्याला बहुधा होत नाही, नमुना बेळगावला पाठवावा लागतो. पुरुषांनी किमान तासभर लघवी न करता पहिल्या धारेची लघवी द्यावी. स्त्रियांना योनीतील नमुना स्वतःच काडीने घेता येतो. औषधानंतर 3-4 आठवड्यांच्या आत ही तपासणी करू नये, कारण मेलेल्या जिवाणूंचा अंशही तिला सापडतो आणि उगाच घबराट होते.

निरोध प्रत्येक संबंधात, सुरुवातीपासून वापरला तर या तिन्ही रोगांपासून चांगले संरक्षण देतो. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी चूर्णे आणि पावडरी यांपैकी एकीनेही या जिवाणूंविरुद्धची आठवण तयार होत नाही.

लसींचे काय

या तिन्ही रोगांवर खास तयार केलेली, वापरात आलेली लस अजून नाही. न्यूझीलंडमध्ये 2004 पासून मेंदुज्वराच्या जिवाणूविरुद्ध एक लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तो जिवाणू परम्याच्या जिवाणूचा जवळचा भाऊबंद आहे. पुढे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांत परम्याचे प्रमाण सुमारे 31 टक्क्यांनी कमी आढळले. त्याच धाग्यावर इंग्लंडने ऑगस्ट 2025 पासून जास्त जोखीम असलेल्यांना मेंदुज्वराची तशीच लस परम्यासाठी देणे सुरू केले. क्लॅमिडियाच्या एका लसीची माणसांवरील पहिली चाचणी लंडनमध्ये 35 स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. लस सुरक्षित ठरली, प्रतिपिंडेही तयार झाली, पण रोग टळतो का हे त्यातून ठरायचे नव्हते. 2015 मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात मात्र नाक्याची गोष्ट स्पष्ट दिसली. निष्क्रिय केलेला क्लॅमिडिया विशिष्ट सूक्ष्म कणांना जोडून अंतस्त्वचेवाटे दिला, तेव्हा गर्भाशयात मुक्काम करणाऱ्या स्मृतिपेशी तयार झाल्या आणि संरक्षण मिळाले. कणांविना दिलेल्या त्याच जिवाणूने उलट पुढचा संसर्ग अधिक बळावला. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही या विषाणूंवर मात्र उत्तम लसी आहेत आणि त्या घ्याव्यात.

गरोदरपणात

आधीच्या बाळंतपणात गरमीची तपासणी निगेटिव्ह होती, किंवा पॉझिटिव्ह येऊन इंजेक्शने झाली होती, म्हणून या वेळची तपासणी टाळू नये. आईच्या रक्तातील जुनी प्रतिपिंडे नव्या संसर्गापासून तिला वाचवत नाहीत आणि उपचार न झाल्यास गर्भ दगावू शकतो किंवा बाळ रोग घेऊन जन्मते. तपासणी पहिल्या तिमाहीतच, शक्य तितक्या लवकर करावी, कारण पेनिसिलीन बाळंतपणाच्या किमान 4 आठवडे आधी मिळाले तर बाळ वाचवण्याची खात्री बरीच वाढते. कर्नाटकात गरोदरपणाच्या नोंदी तायी कार्डावर होतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपल्याकडच्या कितीतरी लेकी खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडे नांदतात आणि पहिल्या बाळंतपणाला चंदगड, गडहिंग्लज, कागलला माहेरी जातात. जाताना तायी कार्डाबरोबर आरपीआरचा आकडा असलेला मूळ कागद आणि इंजेक्शनाची तारीख लिहिलेली चिठ्ठी पिशवीत ठेवावी. बाळ जन्मल्यावर त्याचा आकडा आईच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो आणि तेव्हा तो कागद सीमेपलीकडे सासरच्या कपाटात राहिलेला असू नये.